सगळ्या माउली, एक बाई

माझ्या बहिणीची दहावी झाली. बयला एवढंच पायजे होतं की पोरीनं आता घरी यावं. पुढं शहापूरला कॉलेजात जावं आणि संध्याकाळी आमच्यात बसून जेवावं. त्यात काय मोठं? पण बहीण पहिलीपासून शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका आश्रमात राहते, आणि तिथल्या मोठ्या ताईंचा मला मेसेज आला की तिची इथंच राहून सेवा करायची इच्छा आहे. इच्छा! तो मेसेज वाचला तेव्हा मी कामावर होते, शहापूरच्या एका मेडिकलमध्ये. समोरच्या आजोबांना खोकल्याच्या औषधाऐवजी पोट साफ व्हायचं औषध देणार होते मी. दिलं नाय. पण देणार होते.

बय म्हणजे आमची आई. आमच्या पाड्यावर आईला बयच म्हणतात. आणि मी 'नाय', 'आमी' असंच लिहिणार, आधीच सांगून ठेवते. शुद्ध मला येतं. आश्रमात सात-आठ वर्षं तेच घोटून घेतलंय. येतं म्हणूनच नाय लिहिणार.

आमचा पाडा उंबरमाळीकडं, डोंगराला चिकटून. शाळा चौथीपर्यंत. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जायचा, आमचा बापूस, बय, सगळी. पोरंपण जायची. मी चौथी झाले आणि बय बोलली, ही भट्टीवर येणार नाय. कोणीतरी तिला सांगितलेलं की मुरबाडच्या रस्त्याला एक आश्रम आहे, निराधार मुलींना ठेवतात, शिकवतात, फुकट. तर ती मला घेऊन तिथं गेली.

मोठ्या ताई व्हरांड्यात बसलेल्या. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, पांढरी साडी. त्या आधी शाळेत शिकवायच्या, नोकरी सोडून देवाच्या कामाला लागलेल्या. त्यांनी विचारलं, "हिला वडील आहेत का?"

बय बोलली, "हाय ना. भट्टीवर हाय."

"आणि तुम्ही?"

"मीबी भट्टीवर."

"म्हणजे निराधारच की," ताई बोलल्या.

बय हसली. तिला वाटलं मस्करी केली. मला आत घेतलं.

आता खरी गोष्ट. त्या आश्रमात सगळ्यांना माउली म्हणायचं असा नियम होता. मुलींना माउली, सेवेला येणाऱ्या काकूंना माउली, दूधवाल्याला माउली. रविवारी कल्याण-डोंबिवलीवरून गाड्या भरून सेवेकरी यायचे, पेटी, टाळ, डब्यात शिरा, आणि आल्या आल्या सगळ्यांच्या पाया पडायचे, आमच्यासारख्या शेंबड्या पोरींच्यापण. माझे बाबा वाटावेत असे एक काका माझ्या पायाला हात लावून बोलले, "माउली!" मी घाबरून पाय मागं घेतला तर सगळे हसले. "सवय होईल हं माउली." एक लंगडं कुत्रं होतं, त्यालापण माउली म्हणायचे. खरं सांगते. "माउलीला पोळी घातली का?" म्हणजे कुत्र्याला.

सगळ्यांत देव बघायचा, मोठ्या ताई सांगायच्या. आणि त्या बघायच्यापण, उगाच खोटं कशाला बोलू. सहावीत मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून कपाळावर गार पट्ट्या त्यांनीच ठेवल्या. माझी उलटी त्यांनीच पुसली. मला उगीच वाईट माणसांबद्दल लिहायचं असतं तर किती सोपं झालं असतं.

पण बय आली की तिला माउली नाय म्हणायचे.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बय दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची. भट्टी सुरू असली की तेवढंपण नाय. आली की गेटवरूनच आवाज यायचा, "ओ बाई, चपला तिकडे काढा." "बाई, इथे नका बसू, इथे पारायण आहे." "कोणाकडे आलात बाई?" आता बाई म्हणजे काय शिवी नाय. आमच्या शाळेतल्या मास्तरीणला आमी बाईच म्हणायचो, घाबरून. पण जिथं कुत्रंसुद्धा माउली आहे तिथं एकाच माणसाला बाई म्हटलं तर ते कसं लागतं? बयला लागायचं का ते मला कधी कळलं नाय. ती चपला काढायची आणि भिंतीला लागून उकिडवी बसायची.

एकदा तिनं सुकट आणली. मस्त, लाल मिरची घालून परतलेली, पानात बांधून, वर फडकं. आश्रमात कांदासुद्धा नाय शिजायचा. वास सुटला. एका काकूंनी ती पुरचुंडी दोन बोटांत धरून गेटबाहेर नेली, आणि मला जवळ घेऊन एकदम प्रेमानं समजावलं, "माउली, आपल्याकडे हे चालत नाही ना?" आपल्याकडे! मी मान हलवली. बाहेर कुत्र्या-माउलीनं ती सुकट खाल्ली, पानासकट. बय हसून बोलली, "त्याला तरी आवडली गो."

मी आठवीत असताना बय धाकटीला घेऊन आली. धाकटी तेव्हा पहिलीत जाईल एवढी. भट्टीवर तिच्या पायावर गरम वीट पडलेली, अंगठ्याचं नख काळं झालेलं. बयला तिला आश्रमात ठेवायची होती. पण मोठ्या ताई बोलल्या, जागा नाही, बघू, आज कार्यक्रम आहे, थांबा. त्या दिवशी वर्धापनदिन होता. मंडप, पाहुणे, फुलांच्या माळा. मी स्टेजवर, अभंग म्हणायला पुढच्या रांगेत, कारण माझा आवाज मोठा. एक पाहुणे भाषणात बोलले की या चिमुकल्या माउलींना जगात कोणी नाही, आपणच त्यांची माय. टाळ्या. मी स्टेजवरून बघतेय तर माझी बय मंडपाच्या टोकाला चपलांच्या ढिगाशी बसलीय आणि तीपण टाळ्या वाजवतेय. तिला वाटलं कोण दुसऱ्या पोरींबद्दल चाललंय.

मग पंगत बसली. बयला कोणी जेवायला बसवलं नाय, म्हणजे कोणी मुद्दाम उठवलंपण नाय, ती बसलीच नाय. एक काकू घाईघाईत आल्या, "बाई, ती ताटं उचला ना पटापट, दुसरी पंगत बसायचीय." त्यांना वाटलं कामाची बाई. बय उठली. मी लांबून हाताने खुणा करते, नको, नको! तर ती मला डोळ्यांनी गप करते. तिला वाटलेलं, ताटं उचलली की धाकटीला जागा मिळेल. सगळ्या पंगतीची ताटं उचलली तिनं. पदर खोचून, भट्टीवर विटा उचलतात तशी, दहा-दहाच्या चळती करून.

आणि धाकटी तिच्या मागं मागं. सकाळपासून ती कान देऊन ऐकत होती, इथं सगळे एकमेकांना काय म्हणतात. लहान पोरांना असलं लगेच येतं. तिनं बयचा पदर ओढला आणि मोठ्यानं ओरडली, "माउली! ओ माउली! मला भूक लागली!"

सगळा मंडप हसला. एक काकू बोलल्या, "अगं बाई, किती गोड! आईलाच माउली म्हणतेय!"

आईला माउली म्हणतेय म्हणून हसले. मी हे कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीला सांगितलं तर तिलापण हसू आलं, आणि मग ती एकदम थांबली. माउली म्हणजे आईच ना? दुसरं काय असतं माउली?

मोठ्या ताईंनी धाकटीला उचलून घेतलं. तिच्या अंगठ्याकडं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. "हिच्या तोंडी आपोआप नाम आलं, हिची जागा इथेच आहे." झालं, मिळाली जागा. बय त्यांच्या पाया पडायला वाकली तर ताई मागं सरकल्या. "नको बाई, नको. फक्त एक करा. सारखं येऊ नका. तुम्ही येऊन गेलात की मुली बिथरतात, मोठी आठवडाभर नाय-नाय बोलत फिरते. हिला रुजू दे."

बय बोलली, "बरं."

परत जाताना ती गेटवर मला बोलली, "ताटं उचलली ते चांगलं झालं ना?" मी बोलले, "हो."

आणि ती खरंच आली नाय. म्हणजे यायची, पण वर्षातून एखाद वेळी. म्हसा गावच्या जत्रेतून दोघींना काचेच्या बांगड्या घ्यायची आणि त्या जपून जपून ठेवायची, आश्रमात द्यायला आणेपर्यंत धाकटीचा हात मोठा झालेला असायचा. मी बारावी झाले आणि बाहेर पडले. पडले म्हणजे भांडून पडले, ते सोडा. धाकटी तेव्हा माझा हात धरून रडली नाय. "पुन्हा ये हं माउली," बोलली. मी तिला टपली मारली, "मी तुझी ताई हाय, माउली नाय." तर तिनं मला दुरुस्त केलं. "आहे. नाही."

म्हणून हा मेसेज आल्यावर मी सुट्टी टाकली आणि बयला घेऊन निघाले. बयनं नवं पातळ नेसलेलं. सुकट नाय आणली, शिकलीय ती. करवंदं आणलेली, टोपली भरून, सकाळी उठून स्वतः तोडलेली, हातांवर ओरखडे. शहापूरहून एसटीत बसल्यापासून मला शिकवत होती, "तू भांडू नको हां. मी बोलते. तू तोंड उघडलंस का वाट लागते."

मोठ्या ताई आता काठी घेऊन चालतात. मला बघून खूश झाल्या. "ये गं माउली! किती बारीक झालीस!" मग बयकडं वळून, "बसा बाई." बय भिंतीला लागून बसली. जुन्याच जागेवर.

तिनं सांगितलेलं मी नाय ऐकलं. मी बोलले, "ताई, तिला पाठवा घरी. बय न्यायला आलीय."

"मी कुठे अडवलंय? तिलाच विचार."

आणि धाकटी आली. उंच झालीय, माझ्यापेक्षा. पांढरा पंजाबी, गंध, माळ. बय उठून उभी राहिली, टोपली हातात तशीच. मी बघत होते की आता ही धावत येईल, किंवा रडेल, किंवा चिडेल तरी. शेवटी आमच्या बयचीच ना ती?

ती हात जोडून वाकली आणि बोलली, "बसा ना माउली. प्रवास नीट झाला ना तुमचा?"

एवढ्या वर्षांत त्या आश्रमात बयला पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर माउली म्हटलं. आणि या वेळी कोणी हसलं नाय.

बय हळू आवाजात बोलली, "मी बय हाय गो."

"हो, माउली," धाकटी बोलली. रागानं नाय, तोडूनपण नाय. दूधवाल्याशी बोलावं तशी, गोड.

बयनं विचारलं, "घरी येतंस?"

"हेच घर आहे ना. लहान माउली आहेत इथे, त्यांना कोण बघणार? त्यांना कोणीच नाही."

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं लिहीत नाय. तुला कोणी नाय असं कोण बोललं, तुझ्यासाठी कोणी ताटं उचलली, विचार तुझ्या ताईंना! मोठ्या ताई पाणावल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत राहिल्या, म्हणजे अजूनच डोकं फिरलं. त्यांना ती ताटं आठवतच नव्हती. ताटं त्यांच्या लेखी कोणीतरी नेहमीच उचलतं.

धाकटीनं टोपली घेतली, करवंदं बघितली, एकपण तोंडात नाय टाकलं. "प्रसादाला ठेवते," बोलली. टोपली रिकामी करून धुऊन आणून दिली. परत जाताना बयच्या चपला तिनं स्वतः उचलून पायाशी ठेवल्या. सगळ्या पाहुण्यांना ठेवतात तशा.

एसटीत बय खिडकीकडं बसली, रिकामी टोपली मांडीवर. मी अजून धुसफुसत होते. मला वाटलं ती रडतेय. मी बघितलं तर नाय. तोंडावर काहीतरी वेगळंच होतं.

"किती नीट बोलते गो ती," बय बोलली. मग थोड्या वेळानं, "मला तुमी म्हनली. आयकलंस ना?"

मी बोलले, "हो बय. आयकलं."