कानाच्या मशीनचा शोध
आईच्या कानाची मशीन हरवली ती नेमकी हळद पॉलिश करायच्या दिवशी. हळद घासणाऱ्या ड्रमचा खडखडाट सोसेना म्हणून तिनं ती काढून पदराच्या गाठीत बांधली, असं तिचं म्हणणं. पोती भरून झाली, पदर चाचपला, तर गाठच नाही! गाठ सुटून मशीन हळदीत गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वसमतच्या बाजारात माल न्यायला टेम्पो दारात उभा होता.

मशीन यायच्या आधी आई घरात असून नसल्यासारखी झाली होती. शेजारणी हसल्या की तीही हसायची, पण उशिरा. आता कुठं ती पुन्हा बायकांत बसू लागली होती.

मशीन माझ्या मोबाईलला जोडलेली होती. तिच्यातून रेडिओ लहरी निघतात. त्या जोरात मिळाल्या की पडद्यावरचा गोल मोठा होतो. नकाशात नुसतं आमचं घर दिसत होतं. पत्र्याच्या शेडमध्ये नेमकं कुठं, ते त्याला काय कळणार! मी गोलाच्या भरवशावर पोत्यांच्या थप्पीभोवती फिरू लागले. जाईन तिथं गोल मोठाच.

"समदी पोती फोडू का आता?" भाऊ वैतागला.

"थांब जरा. माणसांच्या अंगानं लहरी अडतात. बाहेर व्हा सगळे!" मी ओरडले. आई माझ्या मागं मागंच फिरत होती, तिलाही हातानं खुणावलं. सगळे बाहेर गेले आणि गोल बारीक होत गेला.

मी मोबाईल घेऊन त्यांच्या मागं धावले. आईपाशी पोचले तसा गोल टम्म फुगला. कामाला बसताना बायका साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवतात, तसा भावाचा शर्ट तिच्या अंगात होता. पदर त्याच्याखाली दबलेला. गाठ मारणार कशी? जन्मभराच्या सवयीनं तिला गाठच आठवत होती. मी त्या शर्टाच्या खिशात हात घातला. हळदीनं पिवळी झालेली मशीन हाताला लागली.

पुसून मी ती तिच्या कानात बसवली. "म्हणे पदरात बांधली! सगळ्यांना कामाला लावलं," मी पुटपुटले. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर असं पुटपुटायची सवय लागतेच.

आई गर्रकन वळली. "मला म्हणून राहिली का गं? आयकू येतंय मला समदं!"

माझे डोळेच भरून आले. "व्हय, तुलाच," मी मुद्दाम आणखी हळू म्हणाले. तेही तिनं ऐकलं आणि चांगली तावातावानं भांडायला लागली.