गाठ न पडण्याचं गणित

बुद्धिमत्ता चाचणीतले गुण म्हणे दर पिढीत वाढत जातात. आमच्या घरात तर ते उड्या मारतात! माझी मुलगी सई माझ्या दसपट हुशार आहे.

परवा एका लग्नात, जेवणाच्या हॉलच्या दारात मला दादा दिसला. माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं बोलणं बंद आहे. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्याचंही मला परक्याकडून कळलं. आज निदान ‘कसा आहेस?’ एवढं विचारायचंच, असं ठरवून मी पाऊल उचललं, तोच सईने दंड धरून मागे ओढलं.

“बाबा, थांब! काका या पंगतीला बसतायत. आपण पुढच्या. ते जेवून मागच्या दाराने जातील, मग आपण पुढून आत.”

“ते मागच्या दाराने जातील, हे तुला काय माहीत?”

“निखिलशी ठरलंय मेसेजवर. तो त्याच्या बाबांना सांभाळतोय, मी तुला.”

वा! काय डोकं! आमचे वडील आणि काका भर पंगतीत एकमेकांवर ओरडायचे, कढी सांडायचे, आणि ओरडता ओरडता एकाला रडू फुटलं की भांडण तिथेच संपायचं. या पोरांची मुलं तर याहून हुशार निघतील. भावाभावांना एका लग्नात येऊच देणार नाहीत.

आत दादा मान उंचावून कोणाला तरी शोधत होता. निखिल त्याचं लक्ष ताटाकडे वळवत होता. दोघांपैकी एक जरी पोर जरा मठ्ठ निघालं असतं, तर मी आज दादाच्या शेजारी जेवलो असतो.