घाबरं होतंय

पहिल्यांदा पडले ती सुलतान बाजारात, अस्तराचं कापड मॅचिंग करून घेताना. छातीत एकदम धडधड सुटली, दुकानातले सगळे रंग एक झाले, आणि डोळे उघडले तेव्हा मी गाद्यांवर आडवी होते. दुकानदार तोंडावर पाणी मारत होता. अस्तर मात्र मी घेऊनच आले.

दुसऱ्यांदा शाळेत, फळ्यापाशी. तिसऱ्यांदा चिक्कडपल्लीच्या आमच्याच जिन्यात. मधल्या काळात नुसती धडधड आणि गरगर तर कितीदा, त्याचा हिशोब नाही. नवऱ्याने माझा चहा बंद केला. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने नेटवरून कारणं काढली: रक्त कमी, थायरॉइड, पाणी कमी पिणं, हृदय. थायरॉइड ठीक निघालं, रक्त थोडं कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ईसीजी दर वेळी चांगलाच. मी दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड आपली निघून गेलेली असायची.

आमच्या घरात छाती धडधडून जीव कासावीस झाला की "घाबरं होतंय" म्हणतात. त्यात भीतीचा काही संबंध नसतो. मी घराजवळच्या तेलुगू डॉक्टरांना तेच माझ्या मोडक्या दखनी हिंदीत सांगितलं, "गाबरा होता डॉक्टर, फिर चक्कर आती." तेलुगूतही गाबरा शब्द आहे, पण त्याचा अर्थ मनाची घालमेल, टेन्शन. डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "कुछ नै मॅडम. टेन्शन नक्को लेओ." आणि मन शांत राहण्याची गोळी लिहून दिली.

वीस वर्षं मी मुलांच्या वहीतल्या काना-मात्रा तपासते, आणि स्वतःच्या एका शब्दाने अशी फसले!

ती चिठ्ठी घरात आली आणि माझी पत संपली. मी जिन्यात बसले की नवरा म्हणायचा, "अगं, दीर्घ श्वास घे, मनाचे खेळ आहेत." मुलगी एकदा सरळच म्हणाली, "आई, तुला अटेन्शन पाहिजे का?" बोलणार कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. स्कूटर मी बंद केली. एकटीने रस्ता ओलांडायची मला खरोखर भीती वाटू लागली, म्हणजे डॉक्टरांचं निदान उशिराने का होईना, खरं होत चाललं होतं.

शाळेतल्या एका मैत्रिणीने हट्टाने तारनाक्याच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. नवरा सोबत आला, पण चेहरा असा की माझ्या हौसेखातर आलाय. मी पुन्हा तेच म्हणाले, "गाबरा होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गाबरा बोले तो? पहले डर लगता, के पहले दिल दौड़ता?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. "पहले दिल," मी म्हणाले. "बटन दबाए जैसा शुरू होता, वैसाच बंद होता."

त्यांनी छातीला ठोके टिपून ठेवणारं एक छोटं यंत्र लावून दिलं, दोन दिवसांसाठी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या धडधडीची वाट पाहिली. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाचा डबा काढायला वाकले आणि आली! मी तिथेच फरशीवर बसले, आणि खरं सांगते, आनंदाने बसले.

बाईंनी कागद आमच्यासमोर पसरला. सरळ चाललेल्या रेघा मध्येच दाटीवाटीने धावू लागल्या होत्या. हृदयात विजेची एक जादा वाट आहे, म्हणाल्या, ठोका तिच्यात अडकून गोल फिरतो. मांडीतल्या शिरेतून तार घालून ती वाट बंद करता येते. पुढे ते झालंही, आणि आता मी स्कूटरवर शाळेत जाते.

पण आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा ऑटो. नवऱ्याने फाइल मांडीवर घट्ट धरली होती. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तू..."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात पोटभर रडले.