आत्याच्या ट्रंक कॉलचं बेंगळुरू

आमची कुसुमआत्या पुण्याबाहेर पडलीच, तर सासवडला, आणि तेही कुणाच्या तरी मुंजीला. त्यामुळे मी बेंगळुरूला निघालोय हे कळल्यावर ती "मीपण येते" म्हणाली, तेव्हा मी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग रेल्वेचं ॲप उघडलं. तिची अट एकच होती, गुडघ्यांमुळे खालचा बर्थ हवा. मिळाला.

जुन्या टेलिफोनचं मला वेड आहे हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. बेंगळुरू बरीच वर्षं मनात होतं. सगळा देश त्याला कॉम्प्युटरचं शहर म्हणतो, पण त्याच्या कितीतरी आधी हे टेलिफोनचं शहर होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारने टेलिफोन बनवायचा कारखाना इथेच काढला. आपल्या आजोबांच्या घरी जो जडशीळ काळा फोन होता, तो इथल्या कुणीतरी जुळवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याही आधी फोन म्हणजे खासगी कंपन्यांचा मामला, मोठे व्यापारी आणि साहेबलोक यांच्यापुरता. बेंगळुरूत तर छावणीत इंग्रज आणि पेठेत म्हैसूर संस्थान, असे एकाच शहराचे दोन कारभार. मग पहिली तार कुणी टाकली, कुठल्या बाजूला, हे शोधायचं मी ठरवलं होतं. आधीच सांगून टाकतो, तिघांनी तीन उत्तरं दिली आणि तिघंही ठाम होते.

आत्याचं काम वेगळं होतं. ती पुण्याच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. म्हणजे तुम्हाला परगावी बोलायचं असेल तर तुम्ही कॉल बुक करायचा, मग आत्या त्या गावच्या ऑपरेटरला गाठणार दोन्ही टोकं जोडून देणार, आणि कॉलची तीन मिनिटं भरली की मध्ये येऊन तसं सांगणार. बेंगळुरूच्या स्विचबोर्डवर इंदिरा नावाची मुलगी असायची. पहिल्यांदा दोघी रीतसर इंग्रजीत बोलल्या. मग पलीकडून "अगं बाई" ऐकू आलं आणि कळलं की ही तिथलीच, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी घरातली. ऑपरेटरने ऑपरेटरशी गप्पा मारायची मुभा नव्हती. पण पलीकडची घंटी वाजतेय आणि कुणी उचलत नाहीये, एवढ्या फटीत दोघी बोलून घ्यायच्या. नावाने हाक नाहीच. ही तिला "बेंगलोर" म्हणायची, ती हिला "पुणे".

आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही हे घरात कुणाला माहीत नाही, पण बेंगलोरला माहीत होतं, असं ती एकदा सहज बोलून गेली होती. पुढे थेट डायल करायची सोय आली, ट्रंकचे बोर्ड बंद पडले. मग दोघी रविवारी घरच्या फोनवर बोलायच्या. तेही फोन एकेक करून काढले गेले, नवे नंबर एकमेकींना द्यायचे राहिले आणि धागा तुटला.

तो जुळला या ब्लॉगमुळे. आत्याच्या ट्रंकच्या दिवसांवर मी लिहिलं होतं, त्याखाली विद्या नावाच्या बाईंची प्रतिक्रिया आली. त्या मूळच्या नागपूरच्या, आयटीत नोकरी, लग्न होऊन बेंगळुरूच्या मराठी घरात गेलेल्या. त्यांच्या सासूबाई कुणा 'पुणे'ची सारखी आठवण काढतात म्हणे. मी लगेच नंबर मागवला आणि आत्यापुढे फोन धरला. तिने तो बाजूला सारला.

"फोनवर नको," ती म्हणाली. "जन्मभर फोनच झाला. आता भेटूनच बोलायचं."

रात्रभराचा प्रवास करून यशवंतपूरला उतरलो. इथे उतरणं सोयीचं, कारण पूल ओलांडला की मेट्रो, आणि हिरव्या लाइनने गाडी न बदलता बसवनगुडीपर्यंत जाता येतं. सामान फार असेल तर मात्र रिक्षा करा, तो पूल लांब आहे. आत्याने तो दोनदा बसून पार केला आणि दोन्ही वेळा मला पुण्याच्या स्टेशनचे गोडवे ऐकवले. गांधी बझारजवळ एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. शेजारीच लोण्यातला डोसा मिळतो, शंभराच्या आत पोट भरतं आणि कॉफी इतकी चांगली की चहाचं नाव काढायचं नाही.

दुपारी भेटायचं ठरलं होतं. आत्याने गर्द हिरवी साडी नेसली, केस पुन्हा पुन्हा विंचरले. रिक्षात तिने माझा हात धरला, जो तिने मी पाचवीत असल्यापासून धरला नव्हता.

"तिला मी आवडले नाही तर रे?"

मी हसण्यावारी नेलं. तसं करायला नको होतं.

दार इंदिराक्कांनी स्वतःच उघडलं. तिथे मोठ्या बाईला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. उंच, काटक बाई, चष्म्याची जाड काच. आत्या उंबऱ्यातच थबकली, त्याही.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "प्रवास सरी झाला ना? स्वल्प कॉफी घेता?" त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं, सरी म्हणजे नीट, स्वल्प म्हणजे थोडी.

"हो, घेऊ की. तुमची तब्येत कशी आहे?" आत्या म्हणाली.

जिच्याशी उभं आयुष्य अगं-तुगं केलं, तिला आत्या 'तुम्ही' म्हणत होती. मग दोघींनी गुडघ्यांविषयी चौकशी केली, पुण्यात थंडी कितपत असते आणि बेंगळुरूत गर्दी किती वाढलीय यावर एकमत केलं. चकल्या आल्या, खाल्ल्या. चांगल्या झाल्यात असं सांगून झालं. विद्याने दोन-तीनदा जुना विषय काढून बघितला, पण दोघी "हो ना" म्हणून पुन्हा थंडीवर आणि गर्दीवर. अख्खी दुपार हाताशी होती आणि ती सरता सरेना. शेवटी आत्या माझ्याकडे वळून रिक्षा बघ म्हणाली.

लॉजवर येऊन ती खिडकीशी बसली. "आपण उगाच आलो," म्हणाली. "ती बाई चांगली आहे रे. पण ती माझी बेंगलोर नाही." मला फार वाईट वाटलं. आत्याला मी रागावलेली, चिडलेली, भांडणारी पाहिली आहे. हरलेली कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कुठेही यायला नकार दिला, म्हणून मी एकटाच दूरवाणीनगरला निघालो. दूरवाणी म्हणजे कन्नडमध्ये टेलिफोन, कारखान्याच्या वसाहतीचं नावच ते आहे. मॅजेस्टिकला हिरवी मेट्रो सोडून जांभळी पकडायची आणि पुढे रिक्षा. वाट दाखवायला विद्या आली, कारण तिचे सासरे त्या कारखान्यात होते, डायलच्या जुळणीवर. म्हणजे नवरा फोन बनवायचा आणि बायको जोडून द्यायची. वसाहतीत मोठी झाडं, बैठी क्वार्टर्स, भरपूर शांतता. एके काळी इथे शिफ्ट सुटली की सायकलींना रस्ता पुरत नसे म्हणे. आत जायची परवानगी नव्हती, फाटकावरूनच बघितलं. इथून निघालेल्या फोनवर लोकांनी नोकरी लागल्याचं सांगितलं असेल, कुणी गेल्याचं सांगितलं असेल. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

परतताना विद्या म्हणाली, "दादा, एक सांगू? अम्मा काल तुम्ही गेल्यावर जेवल्याच नाहीत. इतक्या एक्सायटेड होत्या, त्या चकल्या त्यांनी स्वतः केल्या, मला हात लावू दिला नाही. आणि नंतर सारखं एकच, माझं काय चुकलं."

हे मी आत्याला जसंच्या तसं सांगितलं. तिने मान हलवली. सून आहे, सासूला सांभाळून घेतेय, एवढंच तिचं म्हणणं. पुन्हा जाऊया म्हटलं तर ती बॅग भरायला लागली.

तिसऱ्या दिवशी यशवंतपूरहूनच परतीची गाडी होती. आम्ही वेळेआधी जाऊन बसलो. गाडी सुटायला थोडाच अवधी राहिला आणि माझा फोन वाजला. विद्या विचारत होती, डबा कुठला. सासू-सून ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, बेंगळुरूत हे कारण कुणालाही पटतं. मी दारापर्यंत कसाबसा पोचलो, तिने माझ्या हातात चकल्यांचा डबा कोंबला. मी परत जागेवर येईपर्यंत इंदिराक्का आमच्या खिडकीबाहेर उभ्या होत्या. आत्या उठली, पण दोन सीटांमधल्या वाटेत एका कुटुंबाच्या बॅगा अशा पसरल्या होत्या की तिच्या गुडघ्यांना ते जमण्यातलं नव्हतं. एसी डब्याची काच उघडत नाही, आणि बाहेरून तर आतलं धड दिसतही नाही. इंदिराक्का कपाळावर हात आडवा धरून आत शोधत होत्या. विद्याने त्यांच्या हातात आपला फोन दिला. मी माझा आत्याला दिला.

"पुणे?" मला शेजारी बसून ऐकू आलं.

आत्याचा आवाज बदलला. "बोल, बेंगलोर."

पुढचं मी एकाच बाजूचं ऐकलं. अगं, तू एवढी बारीक कशी, मी तुला चांगली गुबगुबीत समजत होते. चकल्या कसल्या विचारतेस, भीतीने चवच कळत नव्हती एकीचीही. मध्येच ती खुदकन हसली, मग डोळ्यांना पदर लावला.

"मला वाटलं, मीच तुला आवडले नाही," ती म्हणाली. थोडं थांबून, "गप गं. मलापण येतंय रडू."

मी बाहेर बघितलं. इंदिराक्कांनी काचेतून बघायचा नाद सोडला होता. आमच्याकडे पाठ करून त्या बाकावर बसल्या होत्या, नजर समोरच्या चहाच्या स्टॉलवर, आणि भराभरा बोलत होत्या. इकडे आत्याही खिडकी सोडून पुढच्या बर्थकडे बघत बोलत होती. मला तेव्हा उमगलं. या दोघींची सगळी मैत्री पलीकडे घंटी वाजतेय तेवढ्या वेळातली, समोर फक्त बोर्ड. समोरासमोर बसून, भरपूर वेळ घेऊन बोलणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आम्ही हौशीने त्यांना सोफ्यावर बसवलं होतं.

गाडी हलली. इंदिराक्का वळल्या नाहीत, नुसता हात वर केला. "ठेवू नकोस," आत्या म्हणाली, "आहे तोवर धर." तुमकुरूच्या अलीकडे कुठेतरी रेंज गेली. आत्याने फोन माझ्याकडे दिला आणि आपल्या जुन्या ड्युटीच्या आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली."

पहिल्या तारेचा शोध अजून लागायचा आहे, कुणाकडे खात्रीची माहिती असेल तर कळवा. बेंगळुरूला जाणार असाल तर दूरवाणीनगरच्या झाडांखालून एकदा जरूर चाला, पाहण्यासारखं काही नाही तरीही.

आत्या आता कुकर लावते आणि बेंगलोरला फोन करते. तिकडेही त्याच वेळी कुकर लागलेला असतो. शिट्ट्या होईपर्यंत बोलायचं, झाल्या की ठेवायचा, मग दोघींपैकी कुणी काय सांगत असेना. काल मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा असा उजळलेला होता की राहवेना. एवढं काय बोलता, विचारलं. लग्न का केलं नाहीस, इतकी वर्षं घरात कुणाला माहीत नाही ते तरी मला सांग, असंही म्हणालो.

आत्याने कुकरचं झाकण काढलं आणि माझ्या ताटात भात वाढला.

"लाइनवरचं बाहेर सांगायचं नसतं," ती म्हणाली.