चिंधी बांधलेली मिरची

लग्न होऊन डोणगावला आले तेव्हा माझ्या आईने ओटीत मिरचीचं बी घातलं होतं. तेव्हापासून ती आखूड, जाड सालीची मिरची दरवर्षी परसात लावते. अलीकडे तिच्यावर बोकड्या रोग येतो. पानं मुरडतात, झाड खुजं राहतं. यंदा एकच झाड वाचलं.

लेक कृषी विद्यापीठात शिकते. दोन वर्षांपूर्वी तिने निम्मं बी नेलं. यंदा दिवाळीनंतर मला तिथे घेऊन गेली. दोन दारांचं जाळीघर, आत कुंड्या. बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीला टेकवून तिने थेंबभर पाणी दाबलं. पान तेवढंच गडद झालं.

"याच्यात डोळ्याले न दिसणारे कण हायेत. ते पानात शिरतात. त्याहीच्या अंगावर कातरी लादून देली हाय. बोकड्याले घरात घेणारा मिरचीतला गुण ते कातरी कापते."

"आत गेल्यावर तिले कसं समजते कुठं कापायचं?"

"खूण देली असते. जुळली तिथंच कापते."

"आपल्या टेलरपेक्षा बरी म्हनाव."

ती हसली. मग मी मनातलं विचारलं, "कापल्यावर मिरची माह्या मायचीच राह्यते का वं?"

"तेवढा एक गुण सोडला तर सारी तिचीच."

कोपऱ्यात अशाच पानाच्या तुकड्यापासून वाढवलेलं झाड होतं. पानं सपाट, मिरच्या लालभडक. लेक हात धुवायला गेली आणि मी रुमालाची चिंधी फाडून सगळ्यात भरदार मिरचीला बांधली. बियाण्याची मिरची कोणी तोडू नये म्हणून घरी बांधतो तशी. हात आपोआप गेला.

लेक आली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, इथली एकबी मिरची बाहेर जात नाही वं. तपासून झालं का जाळतात. परवानगी भेटेपर्यंत लय वर्षं जातीन."

मी मान खाली घालून गाठ सोडली.

घरी येताना एसटीत ती हळूच म्हणाली, "आणखी बी लागन. देशील?"

दिलं तर ते परत येणार नाही. ठेवलं तर बोकड्या खाईल.

दुसऱ्या दिवशी परसातल्या झाडावरची चिंधीची मिरची तोडली. झाडावरच वाळली होती. फोडून बियांचे दोन ढीग केले. लहान ढिगाला राख चोळून मडक्यात ठेवलं. मोठा घेऊन लेकीसमोर उभी राहिले. तिला पदर नव्हता. तिने ओढणी पसरली.