जावयांनी गाडीत कॉम्प्युटर बसवला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आणि घरात तर प्रसिद्ध आहे, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजाऱ्याने नवा फ्रिज घेतला तर त्याच्या बायकोच्या आधी आख्ख्या बिल्डिंगला मी सांगतो. मग ही एकच गोष्ट इतकी वर्षं कशी काय भिजत राहिली?

तसं माझं छान चाललंय, हे आधीच सांगून टाकतो. विरारला चंदनसारमध्ये स्वतःचा फ्लॅट आहे, तब्येत बरी आहे, आणि दर रविवारी सासुरवाडीला, गासला, जाणं असतं. सासऱ्यांची वाडी आहे तिथे — केळी, मोगरा, थोडा सोनचाफा. आजही पहिलं ताट माझं. जेवून झोपाळ्यावर आडवा झालो की डोळा कधी लागतो कळत नाही. इतक्या सुखात बसून हे असलं काही आठवायचं — कशाला? पण आठवतं.

विलास, माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. सासऱ्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, पेट्रोलची, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या नवरीकडे जेवढं बघायचा त्याहून जास्त गाडीकडे. फुलं खुडण्यात त्याचा जीव नव्हता. त्याला ती गाडी भाड्याने चालवायची होती — लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याच्या फेऱ्या, विमानतळ. सासरे म्हणाले, आधी घरच्यांना नीट फिरवून दाखव, मग बघू. बस्स, त्या ‘मग बघू’वर स्वारी तरंगत होती.

आणि मी? मी गोरेगावला एका कारखान्यात सर्किटं दुरुस्त करायचो. सोल्डरिंगची बंदूक हातात असली की मला वाटायचं, आपल्याला जमणार नाही असं जगात काही नाही. गाडीला कंपनीचा कॉम्प्युटर असतो — डॅशबोर्डखाली, पायाशी, एक चपटा डबा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, ते तो ठरवतो. तो काढून मी बाहेरून मागवलेला दुसरा डबा बसवला. लॅपटॉप जोडायचा आणि त्यातले आकडे आपल्या हाताने बदलायचे. गाडी काय पळायला लागली म्हणता! विलास तर वेडाच झाला.

घरी मात्र मी सांगितलं, “गाडीत कॉम्प्युटर बसवलाय.” एक काढून दुसरा बसवला, असं नाही म्हणालो. मुळात गाडीत एक होता हे तिथे कुणाला ठाऊक होतं? आळीतली माणसं खिडकीतून डोकावून टीव्ही शोधायची. सासूबाईंनी डॅशबोर्डला हळदकुंकू वाहिलं. जावयांनी गाडीत कॉम्प्युटर बसवला, हे गासभर झालं. आणि मी झोपाळ्यावर, मस्त फुगलेलो.

एक गोष्ट मात्र मला माहीत होती. कंपनीच्या डब्याला कान असतो. इंजिनवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. आत चुकीचे ठोके पडायला लागले की तो कळवतो आणि डबा ठिणगी जरा उशिरा टाकतो, म्हणजे इंजिन वाचतं. माझ्या डब्यात ते ऐकायची सोयच नव्हती. ती वायर उरली. मी तिला काळी टेप गुंडाळली आणि मागे खोचून दिली. शिवाय आकडे लावले होते ऐन थंडीत, गाडीत मी आणि विलास दोघंच असताना; ऊन आणि ओझं वाढलं की ते बदलावे लागतात. उन्हाळ्यात पुन्हा बघायचे, असं ठरवलं होतं. बघितले नाहीत.

वैशाखात एका रविवारी जेवताना विलास म्हणाला, “भावोजी, चढनीला गाडी चने भाजल्यागत वाजते.”

किती अचूक सांगितलं होतं त्याने! तो आवाज अगदी तसाच असतो. मला लगेच कळलं, आत चुकीचे ठोके पडतायत. आणि मी काय म्हणालो? मग चार खाऊन घे आणि मलाही आण. सगळी पंगत हसली. विलासही हसला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात जव्हारला लग्न होतं. विलास चालवायला, शेजारी मानाच्या जागी मी, मागे सासूसासरे आणि माझी बायको. घाट लागला, एसी चालू, ऊन असं की नको. आणि बॉनेटमधून चणे भाजायला लागले. विलासने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकलो असतो, थांब रे, एसी बंद कर, हळू घे. एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग का, कशामुळे, हे सांगावं लागलं असतं ना? मी हात पुढे केला आणि कॅसेटचा आवाज मोठा केला.

थोडं वर गेल्यावर इंजिनने जीव सोडला. धूर, तेलाचा वास, नवी लुगडी सांभाळत रस्त्याकडेला उभ्या बायका. लग्न राहिलंच. मेकॅनिकने इंजिन उघडलं, पिस्टन फुटलेला. तो म्हणाला, गाडी ताणली असणार. सासरे माझ्याकडे वळले. “जावईबापू, तुम्ही शेजारीच होता. यातलं तुम्हाला कळतं. चूक कोनाची?”

विलास तिथेच उभा होता.

मी म्हणालो, “पोरगं आहे. जरा जास्तच दामटली त्याने.”

झालं एवढंच. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला मला. पण माझी हुशारी इथे संपत नाही — ऐका. इंजिन दुरुस्तीला पडलं होतं तेव्हा मी गॅरेजमध्ये गेलो, जुनी वायरिंग तपासायची म्हणून, आणि कंपनीचा डबा गुपचूप परत बसवला. टेप काढली, ती वायर जागच्या जागी लावली. गाडी घरी आली ती गाईसारखी गरीब. सासऱ्यांनी चालवली, चुलत सासऱ्यांनी चालवली, मी चालवली — हूं नाही की चूं नाही. सगळ्यांच्या लेखी आतला कॉम्प्युटर तोच होता. मग सगळ्यांची खात्रीच पटली, की दोष गाडीत नव्हताच. तो विलासच्या हातात होता. त्याची स्वतःचीही पटली. भाड्याच्या गाडीचं नाव त्याने पुन्हा घेतलं नाही, चावीला हात लावला नाही, वाडीत उतरला.

पुढे त्याची बायको, सुनंदा, गाडी शिकली. तीच टोपल्या भरून स्टेशनवर न्यायची, हा शेजारी बसायचा. लोक चेष्टा करायचे, हा त्यांच्याहून मोठ्याने हसायचा. संसार चांगला झाला त्याचा, मोगरा तर असा लावतो की बघत राहावं. मी कधीकधी मनात म्हणतो, बघ, काय बिघडलं? — आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

मागच्या एका रविवारी सुनंदाचा पाय मुरगळला होता. टोपल्या ओट्यावर तशाच, उन्हाने फुलं मान टाकायला लागलेली. विलास चावी हातात घेऊन माझी वाट बघत होता. मी म्हटलं, तूच ने की रे, स्टेशन काय लांब आहे?

“नको, भावोजी,” तो म्हणाला. “तुम्ही तेव्हा खरं बोललात म्हनून वाचलो. नायतर भाड्याच्या गाडीत कुनाचा तरी जीव घेतला असता मी.”

अगदी मनापासून म्हणाला. उपकार मानतात तसं.

मी त्याच्या हातातून चावी घेतली. तो शेजारी बसला, मांडीवर एक टोपली घेऊन, आणि मी गाडी चालवत स्टेशनवर नेली.