दोन वर्षांचा परवाना, वीस वर्षांचं घर

मेहुण्याने त्याचं नाव कवळीभाऊ ठेवलं आणि नातेवाइकांत तेच चिकटलं. परदेशातल्या एका लॅबमध्ये तो कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवायचा. कामात हात असा, की केसभर फरक पडायचा नाही. बाकी माणूस भित्रा. दारात टपाल पडलं तरी ते उघडायला तो बायकोला हाक मारायचा.

त्यालाही कारण होतं. अकरा वर्षांत पाच भाड्याची घरं झाली होती. एकदा मालकाचा मुलगा लग्न करून राहायला आला, एकदा इमारतच पाडायची ठरली. दर वेळी बायकोने कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मुलीने शाळा बदलली. त्यात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, दर दोन वर्षांनी नव्याने मिळवायचा. नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा.

पाचव्या घराची मालकीण म्हातारी, खालीच राहायची. एके दिवशी ती म्हणाली, "मी लेकीकडे राहायला चालले. तुमचा मजला विकायचाय. आधी तुम्हांला विचारते. नको असेल तर पोरीच्या शाळेला सुट्टी लागली की खाली करा."

"घेऊन टाकू," बायको म्हणाली. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिचं सगळं असं धडाक्यात असायचं.

"परवाना दोन वर्षांचा, कर्ज वीस वर्षांचं. उद्या हाकललं तर?"

"आणि भाड्याच्या घरात तुम्ही काय निवांत झोपता, अहो? पोरगी विचारते, आता कुठे जायचं. काय सांगू तिला?"

हो म्हणायला तो जितका घाबरत होता, तितकाच नाही म्हणायलाही. बँकेचं जमलं. शुक्रवारी सह्या करायच्या ठरल्या.

बुधवारी लॅबच्या मालकाने निरोप दिला, उद्या चार वाजता सगळ्यांनी थांबा. त्या दिवशी कवळीभाऊने दोन कॅपा बिघडवल्या. घरी जेवताना बायकोने विचारलं, तर म्हणाला, पोट बरं नाही.

गुरुवारी मालक उभ्याउभ्याच बोलला. दात कोरणारं मशीन येतंय. सहापैकी तिघे पुरेत. मग त्याने जाणाऱ्यांची तीन नावं वाचली. कवळीभाऊचं नाव त्यात नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला, त्याच्यासारखाच बाहेरून आलेला, एकोणीस वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत राहिलेला, त्याचं नाव होतं. त्याने ब्रश पुसले, डबा पिशवीत टाकला.

"एकोणीस वर्षांत भिंतीला रंग दिला नाही रे," तो म्हणाला. "म्हटलं, कधीही जावं लागेल. रोज हेच म्हटलं."

कवळीभाऊने मालकाला गाठून आपल्या परवान्याचं विचारलं. मालक म्हणाला, "मी कागद पाठवीन. पुढचं माझ्या हातात नाही."

शुक्रवारी सकाळी वकिलाच्या कचेरीच्या जिन्यात त्याने बायकोला सगळं सांगितलं. न सांगताच सही करावी असंही त्याच्या मनात आलं होतं, पण तेवढं धैर्य कुठलं. बायको कठड्याला धरून उभी राहिली. तिला असं घाबरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"नको मग," ती हळूच म्हणाली. "दुसरं भाड्याचं बघू."

आता त्याने हुश्श करायला हवं होतं. पण त्याला पॉलिशवाल्याचा डबा दिसत होता.

"घेऊ," तो म्हणाला. "घेतलं तरी मी घाबरणार, नाही घेतलं तरी घाबरणार. मला काय, सवय आहे. तू घाबरलीस ते मात्र बघवत नाही."

बायको पदराने तोंड पुसून पुढे झाली.

सही करताना मात्र त्याचा हात इतका कापला, की ती पासपोर्टवरच्या सहीशी जुळेना. वकिलीणबाईंनी पाणी दिलं. तिसऱ्या वेळी जुळली.

पुढचे सात महिने त्याने कसे काढले, त्याचं त्यालाच ठाऊक. परवान्याचा अर्ज अडकला. जेवताना तो मध्येच उठून टपालाची पेटी बघून यायचा. हे घर पडेल त्या भावात विकून, सामान आवरून विमानतळावर उभं असल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे दिवसाढवळ्या उभं राहायचं. शेवटी पत्र आलं. ते बायकोने फोडलं, त्याच्याने फोडवेना. परवाना मिळाला होता. दोनच वर्षांचा.

त्याच हिवाळ्यात मुलीच्या खोलीत छत गळायला लागलं. कवळीभाऊने घाईघाईने फोन उचलला आणि तसाच धरून राहिला.

"कुणाला लावताय?" बायकोने विचारलं.

"घरमालकाला," तो म्हणाला.

मुलगी इतकी हसली, की तिच्या हातातली बादली हिंदकळली. त्याला हसू आलं नाही. त्याने फोन खाली ठेवला आणि शेजाऱ्यांकडे शिडी मागायला गेला.